सार्जंटनं दोनदा थोपटलं

२०१४च्या सप्टेंबरात मी आयर्लंडच्या राखीव सैन्यात भरती झालो. रँक प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई, वय तेहेतीस. पोस्टिंग शॅनन नदीकाठच्या एका गावातल्या पायदळ कंपनीत. तिथे पाच वर्षं काढली. हा मजकूर सिव्हिलियन वाचकांसाठी आहे, म्हणून काही गोष्टी आधीच सांगून टाकतो.

राखीव सैनिक म्हणजे अर्धवेळचा सैनिक. आठवडाभर आपापला धंदा, मंगळवारी संध्याकाळी ड्रिल हॉलमध्ये परेड, अधूनमधून शनिवार-रविवार गोळीबाराच्या रेंजवर, उन्हाळ्यात दोन आठवडे कॅम्प. ड्रिलच्या ऑर्डरी आयरिश भाषेत असतात. सावधानला ‘आरा’ म्हणतात. जवळच्या लिमरिक शहराची पोरं शाळेत शिकलेली आयरिश केव्हाच विसरलेली, त्यामुळे तिथे ती आणि मी एकाच पायरीवर होतो. मला ते आवडलं. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, अशी सुरुवात मला आयुष्यात फार कमी वेळा मिळाली आहे.

माझं मूळ गाव मिरज तालुक्यात. एकोणिसाव्या वर्षी भरती मेळाव्यात गेलो तेव्हा छाती फुगवूनही एक सेंटीमीटर कमी भरली. टेप धरणारा हवालदार ‘पुढचा’ म्हणाला. मी म्हणालो, टेप तिरका आहे, पुन्हा मोजा. त्यानं मोजलं नाही. टेप तिरका होता, हे मी आजही कोणासमोरही सांगायला तयार आहे. पुढे आयटीआय केलं, शॅननच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून आलो, सहा वर्षांनी स्वतःची शेड घेतली. फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो. पासपोर्ट आयरिश झाला त्याच महिन्यात सैन्याचा फॉर्म आणला.

“छातीचं अजून विसरला नाहीत का हो?” माझी बायको वैशाली म्हणाली.

“टेप तिरका होता,” मी म्हणालो.

इथल्या डॉक्टरनं डोळे, कान, गुडघे सगळं तपासलं. छाती कधी मोजणार, असं मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, ते आम्ही मोजत नाही. मी जवळजवळ त्याच्याशीही भांडलो.

आयर्लंडमध्ये मराठी माणूस दिसला की लोक त्याला कॉम्प्युटर बिघडल्याचं सांगायला लागतात. आपली मंडळीही वेगळी नाहीत. त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर पुण्याच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, “कुठल्या कंपनीत?”

“ए कंपनी. दुसरी प्लाटून.”

“स्टार्टअप आहे का?”

“जुनी आहे,” मी म्हणालो. “बूट देतात.”

आता जुजित्सूबद्दल. भरतीच्या आधी वर्षभर मी ते शिकत होतो. आमच्या चर्चच्या पॅरिश हॉलमधला हीटर बंद पडला होता. तिथे गुरुवारी वर्ग घेणाऱ्या बाई कुडकुडत चटया अंथरत होत्या. मी म्हणालो, हीटर चालू करून देतो, बदल्यात मला शिकवा. त्या म्हणाल्या, हीटर चालू राहील तोवर शिकवीन. मी म्हणालो, मग हीटर जन्मभर चालेल. त्यांचं नाव नोरीन. साठी ओलांडलेल्या, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, उंचीनं माझ्या खांद्याला लागणाऱ्या. तरुणपणी त्या आठ वर्षं जपानमध्ये राहिल्या आणि एका म्हाताऱ्या गुरूकडे ही विद्या शिकल्या. आम्ही त्यांना सेन्सेई, म्हणजे जपानीत गुरू, म्हणायचो.

लढाईत सामुराईची तलवार हातातून गेली, तर रिकाम्या हातानं चिलखतातल्या माणसाचं काय करायचं, यातून ही विद्या निघाली. चिलखताला बुक्का मारून उपयोग नाही. म्हणून सांधे धरायचे, तोल घ्यायचा, समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवायचा. पारंपरिक जुजित्सूत सामने नसतात, पदकं नसतात. आत येताना वाकून नमस्कार, जाताना नमस्कार, आणि मध्ये तोच डाव शंभर वेळा.

मी पोरवयात तालमीत लाल माती अंगाला लावलेला माणूस. पाठ टेकली की हरला, हे मला चालायला लागल्यापासून माहीत. नोरीनबाईंचा पहिला धडा पाठीवर पडण्याचा होता.

“पड,” त्या म्हणाल्या.

“सेन्सेई, आमच्याकडे पाठ टेकली की माणूस हरतो.”

“इथे पाठ टेकली की धडा सुरू होतो. पड.”

मी पडेना. ढकललं तरी हात टेकायचो, त्यामुळे दोन्ही मनगटं सुजली. अखेर एका गुरुवारी त्यांनी मला असं उचलून आपटलं की हात टेकायला वेळच मिळाला नाही. पाठ चटईवर, हात आपोआप बाजूला आपटला, काहीही दुखलं नाही. “बघ,” त्या म्हणाल्या, “मेला नाहीस.”

दुसरा धडा सोडण्याचा. कुलूप बसलं, म्हणजे सांधा आता सहन करू शकत नाही असं वाटलं, की खालच्यानं दोनदा थोपटायचं. तुमच्या अंगावर, चटईवर, कुठेही. त्याला टॅप म्हणतात. टॅप झाला की वरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. कुस्तीत असलं काही नसतं, म्हणून मी वाद घातला. नाटक करून कोणी थोपटलं तर?

“तरी सोडायचं,” नोरीनबाई म्हणाल्या. “डोक्याला विचारायचं नाही. बोटांना शिकवायचं. या एका गोष्टीच्या भरवशावर आपण एकमेकांच्या हाती मान देतो.”

त्यांनी बोटांना खरोखरच शिकवलं. आम्ही एकमेकांना धरून असताना त्या अचानक हीटरच्या लोखंडी रेडिएटरवर चमच्यानं दोनदा वाजवायच्या. त्या आवाजाला ज्याची पकड सुटली नाही त्याला कोपऱ्यात बसवायच्या. वर्षभरात माझी अशी अवस्था झाली की दुकानात कोणी काउंटरवर दोनदा बोटं आपटली की माझ्या हातातली पिशवी खाली पडायची. माझी मुलगी टेबलावर दोनदा टिचकी मारून माझ्या हातातलं बिस्किट पळवायची. वर म्हणायची, “बाबा, यू’र ग्रँड,” म्हणजे इथल्या बोलीत, काही बिघडलं नाही.

सार्जंट मॉसी डिलन आमच्या प्लाटूनचा सार्जंट. पन्नाशीचा, बॉक्सर, मानेचा घेर माझ्या मांडीएवढा. दिवसा तो ट्रकचे टायर विकायचा. वैर तिथूनच सुरू व्हायला हरकत नव्हती, कारण फोर्कलिफ्टच्या टायरवरून आमची आधीच एकदा घासाघीस झाली होती आणि मी जिंकलो होतो. तो मला ‘मॅग्ज’ म्हणायचा. माझं आडनाव मगदूम. ते पूर्ण उच्चारायला त्याला वेळ नव्हता.

मार्च २०१५. मंगळवारची परेड. डिलन निःशस्त्र झुंजीचा तास घेत होता. मागून गळा कसा धरायचा ते दाखवायला त्याला माणूस हवा होता.

“मॅग्ज. तू ते जपानी लोळण शिकतोस ना? ये पुढे.”

मी गेलो. त्यानं मागून हात घातला. पकड बरोबर होती, जोर जास्त होता. डोळ्यांपुढे अंधार यायला लागला तसा मी त्याच्या हातावर दोनदा थोपटलं. त्यानं सोडलं नाही. पुन्हा दोनदा. सोडलं नाही. मी गुडघ्यावर आलो. तेव्हा त्यानं सोडलं आणि प्लाटूनकडे बघून म्हणाला, “असं.”

सगळे हसले. मी उठलो.

“सार्जंट, मी टॅप केलं होतं.”

“मला जाणवलं नाही.”

“चारदा थोपटलं.”

“माशी बसली असेल असं वाटलं.”

मान तीन आठवडे आखडली होती. फोर्कलिफ्टखाली झोपून वर बघता येत नव्हतं. पण दुखण्याचं काही नाही. ‘जाणवलं नाही’ हे मला लागलं. त्याला जाणवलं होतं. हातावर मारलेली थाप माणसाला जाणवते. टेप तिरका होता आणि सार्जंटला जाणवलं होतं, या दोन गोष्टींवर माझ्याशी कोणी वाद घालू नये.

पुढच्या मंगळवारी मी त्याच्या खोलीत गेलो. सॅल्यूट सार्जंटला नसतो, म्हणून नुसता सावधान उभा राहिलो.

“सौदा आहे, सार्जंट.”

“टायरचा?”

“नाही. एका गुरुवारी पॅरिश हॉलला या. तिथे एक बाई आहेत. साठी ओलांडलेल्या. तुम्ही त्यांना धरा. त्यांनी तुम्हाला खाली घातलं, तर पुढचं वर्षभर दर गुरुवारी शिकायला यायचं. नाही घातलं, तर उन्हाळ्याच्या कॅम्पात संडास मी एकटा साफ करीन.”

“दोन्ही आठवडे?”

“दोन्ही.”

“आणि माझे बूट.”

“बूट नाहीत. संडास.”

त्यानं हात पुढे केला. मी तो दाबला. त्यानंही दाबला. बराच वेळ कोणीच सोडला नाही.

गुरुवारी डिलन आला, तोही बूट घालून. नोरीनबाईंनी त्याला दारातच थांबवून बूट काढायला लावले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. मग त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. डिलनला काय करावं कळेना. त्यानं मान हलवली आणि त्यांचं मनगट धरलं. पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलं तरी नीट सांगता येणार नाही. त्यांनी हात ओढला नाही, उलट त्याच्याकडे पुढे केला, जणू काही वाढून दिलं. डिलन त्या हातामागे गेला आणि खाली गेला. गाल चटईवर, हात पाठीमागे. नोरीनबाईंचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

“दुखलं की दोनदा थोपटा,” त्या म्हणाल्या.

“मला काही…” तो म्हणाला आणि त्यानं थोपटलं. त्यांनी तत्क्षणी सोडलं.

“बघितलंत, सार्जंट?” मी म्हणालो. “असं सोडतात.”

तो उठून बसला, खांदा चोळला. “तुझं मला अजूनही जाणवलेलं नाही,” तो म्हणाला.

पण शब्द पाळला. त्यानंतर त्यानं एकही गुरुवार चुकवला नाही. मोजेही नवीन घेतले. त्याला पडायला माझ्याइतकाच वेळ लागला, कारण बॉक्सरलाही खाली जाणं म्हणजे हरणंच. आमची जोडी नोरीनबाईंनी मुद्दाम लावली. आठवड्याला एक संध्याकाळ आम्ही एकमेकांच्या कोपराला, मनगटाला, मानेला कुलपं घालायचो, थोपटायचो, सोडायचो. तो आता नेमका सोडायचा. एक क्षणही उशीर नाही. म्हणूनच माझा राग कमी होत नव्हता. येतं तर खरं याला. “त्या दिवशी जाणवलं होतं असं एकदा म्हणा,” मी म्हणायचो. “कुठल्या दिवशी?” तो म्हणायचा.

त्या हिवाळ्यात शॅनन नदीला पूर आला. आठवडेच्या आठवडे पाऊस, आणि सपाट मुलूख असल्यानं पाणी ओसरायला जागा नाही. राखीव सैनिकांना कामाला बोलावलं गेलं. मी शेडला कुलूप लावून गेलो. काम साधं होतं. वाळूच्या पिशव्या भरणं, उंच चाकांच्या ट्रकनं पाण्यातल्या घरांतून म्हाताऱ्या माणसांना बाहेर आणणं. आमच्या ट्रकवर तिघं. डिलन कमांडर, मी, आणि गेरी नावाचा ड्रायव्हर, जो एरवी शाळेची बस चालवायचा. रेडिओवर आमचं नाव, म्हणजे कॉलसाइन, टू वन; मुख्यालयाचं झीरो.

जानेवारीतली ती दुपार. पाण्यात गेलेल्या रस्त्याच्या टोकाला एक शेतघर होतं. तिथल्या मिसेस टुई एक्याऐंशीच्या होत्या, एकट्या राहायच्या आणि निघायला तयार नव्हत्या. रस्ता आणि घर यांच्या मध्ये एक नाला. त्यावर छोटा पूल. पुलाखालून पाणी जायला सिमेंटचा रुंद पाइप, पुलाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गजांचा कठडा. पुलावर गुडघाभर पाणी होतं. नाला काठोकाठ भरून पाइपाकडे खेचत होता.

“मॅग्ज,” डिलन म्हणाला, “तुझं काम. सौदा कर.”

मी दारात उभा राहिलो. मिसेस टुईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला नाही.

“कुत्रा आणि कोंबड्या आल्या तर मी येते.”

“कुत्रा घेऊ. कोंबड्या माळ्यावर ठेवू. दाणे घालून.”

“माळ्यावर उंदीर आहेत. तुम्ही झोपाल का उंदरांत?”

“कोंबड्या किती?”

“सगळ्या.”

“अर्ध्या,” मी म्हणालो.

“कुठल्या अर्ध्या? तुम्ही सांगा त्यांना,” त्या म्हणाल्या.

मी आयुष्यात फार कमी वेळा हरलो आहे. तिथे हरलो. कोंबड्या सगळ्या घ्यायचं ठरलं. मिसेस टुईंना मी पाठुंगळी घेऊन ट्रकपर्यंत नेलं. कुत्रा गेरीनं उचलला. कोंबड्यांचं खुराडं आणायला डिलन स्वतः परत गेला, कारण मांडीपर्यंतचे रबरी बूट त्याच्याच पायात होते. “जपानी लोळणवाला सौदा करतो आणि कोंबड्या सार्जंटनं आणायच्या,” असं मोठ्यानं बोलत गेला. मी पुलावर त्याची वाट बघत थांबलो.

चार वाजून गेले होते, उजेड कमी होत होता. डिलन खुराडं छातीशी धरून परत आला. खुराड्यामुळे त्याला पायाखालचं दिसत नव्हतं. पुलाच्या अलीकडे काठाची माती आतून पोखरली होती. ती त्याच्यासकट खचली. ओरडला नाही. खुराडं एका बाजूला गेलं, तो नाल्यात गेला, आणि पाण्यानं त्याला सरळ पाइपाच्या तोंडाकडे आणलं.

मी कठड्यापाशी खाली बसलो, गजांमधून दोन्ही हात बाहेर घातले. त्याचं मनगट हाताला लागलं. धरलं. त्याचा हात दोन गजांमधून आत ओढून छातीशी कवटाळला, तळपाय कठड्याला लावले आणि मागे रेललो. नोरीनबाईंच्या चटईवर हाच डाव आम्ही शेकडो वेळा केला होता. समोरच्याचा हात आपल्या छातीशी, कोपराखाली आपली मांडी. इथे मांडीच्या जागी लोखंडी आडवा गज होता. जितकं मागे रेलावं तितका हात पक्का, आणि तितकं कोपर उलटं जाणार. सुटणं शक्य नाही म्हणून तर त्याला कुलूप म्हणतात.

त्याचे पाय पाइपात ओढले जात होते. पाणी हनुवटीपर्यंत. माझ्या छातीवरच्या रेडिओत गेरीचा आवाज आला.

“झीरो, धिस इज टू वन. मॅन इन वॉटर. सेंड बोट. ओव्हर.”

“टू वन, रॉजर. बोट ट्वेंटी मिनिट्स. आउट.”

वीस मिनिटं त्या पाण्यात कोणी टिकत नाही. डिलनला ते ऐकू आलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पाण्याचा एक लोट आला, त्याचं अख्खं वजन कोपरावर पडलं, आणि त्यानं मोकळ्या हातानं कठड्यावर दोनदा थोपटलं.

टण. टण.

लोखंडाचा आवाज. रेडिएटरसारखाच.

माझी बोटं उघडली. मी उघडली नाहीत, ती उघडली. त्याचा हात मनगटापासून बोटांपर्यंत घसरला. डोकं पाण्याखाली गेलं. पण त्याचा ओला हातमोजा माझ्या बोटांत अडकला, आणि त्याची बाही जाड होती. चटईवर आम्ही अर्धा वेळ बाहीच धरतो. मी बाही धरली, मुठीत पिळली, पुन्हा खेचली. पुन्हा छातीशी. या वेळी त्याचा तळहात पाव वळण फिरवून घेतला. अंगठा आभाळाकडे असेल तर कोपर तुटतं, बाजूला वळवला तर फक्त दुखतं. मग दात आवळले आणि मागे रेललो.

त्याचं डोकं वर आलं. त्यानं पाणी थुंकलं. आणि पुन्हा कठड्यावर दोनदा.

“नाही!” मी ओरडलो. मराठीत ओरडलो, हे नंतर लक्षात आलं.

पुन्हा दोनदा. मग तो माझ्या आईबद्दल काही बोलला. मी त्याच्या टायरबद्दल बोललो. तो शुद्धीवर राहावा म्हणून बोललो, असं रिपोर्टमध्ये आहे. खरं म्हणजे मला राग आला होता. त्या रागात माझे हात गार पडले नाहीत.

गेरी ट्रकचा दोर घेऊन आला. कठड्यावर पालथा पडून त्यानं डिलनच्या दोन्ही काखांखालून फास घातला. दुसरं टोक ट्रकच्या हुकाला. आता ट्रक मागे घ्यायला हवा होता, सावकाश, आणि फास पकडून ठेवायला गेरी कठड्यावर हवा होता. गेरीनं मान वळवून पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटवर मिसेस टुई जाऊन बसल्या होत्या. शेजारी कुत्रा.

“साठ वर्षं ट्रॅक्टर चालवलाय,” त्या ओरडल्या. “हात वर केलात की मागे घेते. ओरडू नका, कुत्रा घाबरतो.”

लष्कराचं वाहन सिव्हिलियननं चालवलं, हे रिपोर्टमध्ये नाही. गेरीनं हात वर केला. ट्रक मागे सरकला. इतका सावकाश की दोर ताणल्याचा आवाज येत राहिला. डिलनचे खांदे वर आले, छाती आली, पोट कठड्यावर आलं आणि तो भिजलेल्या गादीसारखा माझ्या अंगावर पडला. तेव्हा मी हात सोडला. सोडला म्हणजे गेरीनं माझी बोटं एकेक करून उघडली.

आम्ही दोघं पुलावर पाण्यात पडलो होतो. डिलन बराच वेळ खोकला. मग त्यानं तोंड माझ्याकडे वळवलं.

“मी टॅप केलं होतं.”

“मला जाणवलं नाही, सार्जंट.”

“सहादा थोपटलं!”

“माशी बसली असेल असं वाटलं.”

तो हसायला लागला. हसताना त्याला पुन्हा खोकला आला, खोकताना कोपर दुखलं, दुखल्यावर तो पुन्हा माझ्या आईबद्दल बोलला. गेरी म्हणाला, दोघांचं संपलं असेल तर ट्रकमध्ये हीटर आहे. खुराडं पुढे कुंपणाच्या झुडपात अडकलं होतं. कोंबड्या सगळ्या जिवंत होत्या, आणि चिडलेल्या. मिसेस टुईंनी त्या तपासून घेतल्या, मगच गेरीला सीट परत दिली.

कोपर तुटलं नव्हतं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरनं विचारलं, इतका जोर पडून हाड शाबूत कसं? डिलन म्हणाला, “तो गडी तिथे बसलाय, त्याला विचारा. त्यानं अंगठा फिरवला.” पाण्यातल्या त्याच्या शुद्धीवर मला शंका होती. पण ते त्याच्या लक्षात आलं होतं.

फेब्रुवारीत कंपनी कमांडरनं मला बोलावलं. त्या पकडीला काय म्हणतात, असं विचारलं. मी नाव सांगितलं. ती सगळ्यांना शिकवता येईल का? मी म्हणालो, येईल, पण शिकवतील माझ्या सेन्सेई, ड्रिल हॉल दर सोमवारी त्यांना मिळेल, आणि चटया कायम तिथेच राहतील. चटयांवर ते जरा अडले. मी खुर्चीतून उठलो नाही. चटया मिळाल्या.

पहिल्या सोमवारी नोरीनबाई ड्रिल हॉलच्या दारात उभ्या राहिल्या आणि वाकल्या. समोर अख्खी कंपनी अनवाणी. डिलन, हात अजून गळ्यातल्या पट्टीत, रांगेपुढे उभा होता. त्यानं ‘आरा!’ अशी आरोळी दिली आणि ती सगळी दांडगी पोरं त्या छोट्या बाईंपुढे एकदम वाकली. भरतीत टेप तिरका धरणाऱ्या त्या हवालदाराला हे दिसायला हवं होतं, असं मला वाटलं. मला अजून वाटतं.

तीन हिवाळे आम्ही दोघांनी तिथे शिकवलं. प्रत्येक नव्या तुकडीला डिलन मागून गळा धरायचं दाखवायचा, आणि माणूस म्हणून मलाच बोलवायचा. मी थोपटायचो. तो त्याच क्षणी सोडायचा आणि तुकडीला सांगायचा, “असं सोडतात.” माझ्याकडे बघायचा नाही. २०१८मध्ये नोरीनबाईंनी त्याला काळा पट्टा बांधला. मला त्याच्या आधी वर्षभर मिळाला होता. ते मी त्याला त्या दिवशीही सांगितलं.

सार्जंट मॉसी डिलन २०१९च्या ऑक्टोबरात आजारानं गेला. शवपेटीवर तिरंगा, त्यांचा. त्यावर त्याची बेरे टोपी, हातमोजे आणि काळा पट्टा. पट्टा नियमात बसत नव्हता. कंपनी कमांडरशी मी त्यावर बोललो. बसला. आम्ही सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली. गेरी माझ्या पुढे होता. मिसेस टुई आल्या होत्या. अंडी घेऊन आल्या होत्या. नोरीनबाई कबरीपाशी वाकल्या, आणि कोणी ऑर्डर न देता अख्खी कंपनी वाकली.

तो जाण्याच्या दोन दिवस आधी मी त्याच्याजवळ बसलो होतो. दुपारची वेळ होती. त्याची मान आता माझ्या मनगटाएवढी राहिली होती. त्याची बायको चहा आणायला गेली होती. तो बोलत नव्हता, म्हणून मी टायरच्या भावाबद्दल बोलत होतो. त्याचा हात माझ्या हातात होता. पुलावर धरला होता तोच.

“मॅग्ज,” तो म्हणाला.

“सार्जंट.”

“त्या मंगळवारी मला जाणवलं होतं.”

“माहीत आहे.”

“पहिल्याच थापेला जाणवलं होतं.”

“माहीत आहे, सार्जंट. मलाही जाणवलं होतं. पुलावर. सहाही वेळा.”

“ते मला माहीत होतं,” तो म्हणाला, आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर टायर विकून झाल्यासारखं समाधान होतं. मी हात तसाच धरून बसलो. सोडायचा माझा विचार नव्हता. थोड्या वेळानं त्यानं अंगठ्यानं माझ्या तळहातावर दोनदा थोपटलं.

“जाणवलं,” मी म्हणालो, आणि सोडला.